गोवरची उघडलेली बाटली बाजूला ठेवली आणि पोरीला लस न देता परत पाठवलं. हे बरोबर का?

कांदेवाला_नाशिक

नमस्कार मंडळी. डोकं तापलंय म्हणून लिहितोय, सांभाळून घ्या.

मुलीला नऊ महिने पूर्ण झाले. गोवर-रुबेलाची (एमआर) लस आमच्याकडं अंगणवाडीत देतात, आशाताई आदल्या दिवशी निरोप देऊन गेल्या होत्या. नेमकी त्याच सकाळी बाजार समितीत गाडी लावलेली, नंबर मागं लागला, लिलाव उरकून घरी यायला उशीर झाला. बायको एकटी जाईना, कारण आमच्या आईचा लसीलाच विरोध (त्याचं पुढं सांगतो). आम्ही सगळे तिथं पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सिस्टर टेबल आवरत होत्या. समोर एमआरची तपकिरी बाटली, आत औषध दिसत होतं, दोघा-तिघा पोरांना सहज पुरलं असतं. लेबलवर पेनानं 9.50 लिहिलेलं.

सिस्टर म्हणाल्या, "दादा, चार तास होऊन गेले, ही आता चालत नाही. पुढच्या महिन्याला या." मी म्हटलं, अहो, औषध आहे की आत. तर म्हणाल्या, नियम आहे. आणि बाटली एका वेगळ्या पिशवीत घालून मोकळ्या.

राग कशाचा आला ते ऐका. त्याच टेबलावर पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्र लशीची) बाटली होती, तीही उघडलेली, निम्मी संपलेली. ती मात्र बर्फाच्या पेटीत नीट परत गेली. विचारलं तर म्हणाल्या, ती 28 दिवस चालते. एक बाटली चार तासांत बाद आणि दुसरी महिनाभर? कुणाला तरी ह्याचं कारण माहीत असेल की सगळे फक्त नियम पाठ करतात?

आता आईचं. ती म्हणते, "गोवर काय, तुम्हा तिन्ही भावंडांना निघाला होता. अंगावर नीट बाहेर पडला की आपोआप उतरतो. देवानंच परत पाठवलं असं समज." बायको तेव्हापासून बोलत नाही. खाजगी डॉक्टरकडं जावं, महिना थांबावं की काय करावं?

रोखठोक

सरकारी कारभार, दुसरं काय. आपल्या करातून लस घ्यायची आणि निम्मी टाकून द्यायची. एवढ्या बाटल्या रोज वाया घालवून कोणाची तरी विक्री वाढतेच की. माझं ऐकाल तर तक्रार करा, तालुक्याला नाही, थेट जिल्ह्याला.

निवृत्त_सिस्टर

दादा, तक्रारीआधी हे वाचा. मी जव्हार-मोखाड्याकडं नोकरी केली, तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. आधी उपकेंद्रात एएनएम, म्हणजे लस टोचणारी सिस्टर, शेवटी शेवटी एलएचव्ही, म्हणजे अशा सिस्टरांवरची पर्यवेक्षिका. ह्याच पेट्या खांद्याला लावून पाडे चढले आहे, तेव्हा ह्या विषयावर मला बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालते.

तुमच्या सिस्टरनं बाटली बंद केली ते शंभर टक्के बरोबर. तुम्हाला "पुढच्या महिन्याला या" म्हणाली ते बरोबर नाही. आधी पहिलं.

एमआर ही तयार पातळ लस नसते. बाटलीच्या तळाशी सुकी चकती असते, त्यात गोवरचा आणि रुबेलाचा कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो. सोबत वेगळ्या अँप्यूलमध्ये पाणी येतं, त्याला आम्ही डायल्युएंट म्हणतो. ते त्याच कंपनीचं, त्याच लशीचं हवं, आणि आदल्या दिवसापासून आयएलआरमध्ये (लशींच्या खास फ्रिजमध्ये) ठेवून गार केलेलं हवं. पहिलं बाळ समोर बसलं की कोऱ्या पाच एमएलच्या सिरिंजनं ते पाणी चकतीवर सोडायचं, हलक्या हातानं फिरवायचं, आणि लगेच लेबलवर वेळ टाकायची. तुम्ही पाहिलेलं 9.50 ते हेच. वेळ लिहिणारी सिस्टर दिसली की समजायचं, बाई काम शिकलेली आहे. वेळ लिहिलेली नसली तर मात्र आईबापांनी जरूर विचारावं.

पाणी पडलं की घड्याळ सुरू. एक तर जिवंत विषाणू उकाड्यात भराभर मरतो. सुक्या चकतीत तो बराच टिकाऊ असतो, ओला झाला की हवेतल्या साध्या उष्णतेतही तासाभरात निम्मा गारद होतो, म्हणून ती बाटली सत्रभर आईसपॅकवर ठेवायची, उन्हात नाही, खिडकीत नाही. पण निव्वळ लस कमजोर होते एवढंच असतं तर मीही म्हटलं असतं की टोचून टाका, नाहीतरी काय बिघडणार. बिघडतं ते दुसरंच. त्या बाटलीत जंतू मारणारं काहीही घातलेलं नसतं. दर बाळाला नवी सुई त्या रबरी बुचातून आत जाते. एकदा जरी हाताचा, हवेचा, धुळीचा जंतू आत गेला तरी त्याला आत खायला आहे, ऊब मिळाली की वाढायला वेळ आहे. उन्हाळ्यात सकाळी तापवलेलं दूध दुपारी काय होतं ते घरातल्या बाईला विचारा. फरक इतकाच की दूध नासलेलं दिसतं, बाटली दिसत नाही. वास नाही, रंग नाही. आणि बाळ काही तासांत फणफणतं, उलट्या, जुलाब, आणि मग हाताला लागत नाही.

आता पेंटा. ती पातळच येते, त्यात जिवंत काही नाही, आणि जंतू वाढू नयेत म्हणून औषध घातलेलं असतं. म्हणून ती उघडल्या दिवसाची तारीख लिहून 28 दिवस चालते, तेही बाटलीवरचं चिन्ह ठीक असेल, बूच घाण झालेलं नसेल, मुदत संपलेली नसेल तरच. ते चिन्ह म्हणजे गोलातला चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका तोवर लस चांगली, दोन्ही सारखे झाले की बाद. पुढच्या वेळी एक गंमत बघा. पेंटाच्या बाटलीला हे चिन्ह लेबलवर असतं, एमआरला झाकणावर. झाकण उडवलं की चिन्ह गेलं. कारण फोडल्यावर ती ठेवायचीच नाहीये, मग चिन्ह हवं कशाला? ज्यानं हे ठरवलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

पेंटाचं दुखणं उलटं. तिला थंडी बाधते. एकदा गोठली की कायमची गेली. म्हणून आम्ही डीप फ्रीजरमधून काढलेला आईसपॅक तसाच पेटीत घालत नाही. टेबलावर मांडून ठेवायचा, वरून घाम फुटला पाहिजे, आणि कानाशी धरून हलवला की आत पाणी डुचमळलेलं ऐकू आलं पाहिजे. मग भरायचा. सकाळी सात वाजता आरोग्य केंद्रात आईसपॅक कानाला लावून उभ्या असलेल्या बाया बघून एकदा एक नवीन डॉक्टर हसले होते. त्यांना मी पॅक हातात दिला, म्हटलं, ऐका तुम्हीच.

आणखी एक. ती बाटली "फेकली" नाही. वेगळ्या पिशवीत गेली ना? ती आरोग्य केंद्रात परत जाते आणि 48 तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, जे आधी येईल तोवर, खूण करून सांभाळतात. त्या बाटलीतून लस घेतलेल्या एखाद्या बाळाला काही झालंच तर तपासायला हवी म्हणून.

आता चूक. एका बाळासाठीसुद्धा नवी बाटली फोडायची, असाच नियम आहे. वाया जाईल म्हणून बाळ परत पाठवायचं नाही. मागणी करतानाच आम्ही एमआरची चौथाई वाया जाणार असं धरून मागवतो, बीसीजीची (क्षयाच्या लशीची) तर निम्मी. म्हणजे वाया जाणं हिशोबात आहे. पण होतं काय, मासिक बैठकीत साहेब विचारतात, "बाई, तुमचं वेस्टेज इतकं का?" बाळ परत गेलं का, हे कोणी विचारत नाही. मग बाया हात आखडतात. कदाचित तिच्या पेटीत दुसरी बाटली नसेलही, तसं असेल तर तिनं तुम्हाला आरोग्य केंद्राचा वार सांगायला हवा होता.

तुम्ही महिना थांबू नका. आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात लसीकरणाचा वार ठरलेला असतो. कार्ड घेऊन जा, सकाळी जा. फुकट आहे.

कांदेवाला_नाशिक

सिस्टर, हात जोडले. झाकणावरचं चिन्ह ही गोष्ट मला कोणी सांगितली असती तर मी तिथं आवाज चढवला नसता.

पण शंका राहतेच. पेंटात जंतू मारणारं औषध घालता येतं तर एमआरमध्ये का नाही? आणि पाच पोरांची बाटली करण्यापेक्षा एकेकाची का करत नाहीत?

पेट्रीडिश_पुणे

ह्याचं उत्तर मी देतो, रोजचं काम जंतूंशीच आहे.

पेंटात जे असतं ते थायोमर्सल. ते जंतू वाढू देत नाही, पण जिवंत विषाणूलाही सोडत नाही. एमआरमध्ये घातलं तर बाटली सुरक्षित राहील आणि लस मरेल. दोन्ही एकदम मिळत नाही, म्हणून जिवंत लशीला घड्याळ लावतात आणि मेलेल्या लशीला औषध.

हा धडा कसा शिकलो हे सांगण्यासारखं आहे, कारण त्याची सुरुवात मुंबईत आहे. परळच्या प्रयोगशाळेत, जिला आज हाफकिन संस्था म्हणतात, वाल्देमार हाफकिन प्लेगची लस बनवत होते. जानेवारी 1897 मध्ये पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचून घेतली होती. मागणी एवढी वाढली की लस बाटल्या भरभरून देशभर जाऊ लागली. 30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना लस टोचली. त्यातले 19 जण, सगळे एकाच बाटलीतले, धनुर्वातानं गेले. बाटलीचा क्रमांक 53 एन.

चौकशी बसली. हाफकिन लशीत पूर्वी जंतू मारायला कार्बोलिक अॅसिड घालत, पुढं ते बंद करून उष्णतेनं निर्जंतुक करण्याची पद्धत घेतली होती. आयोगानं नेमकं ते धरलं आणि दोष प्रयोगशाळेवर टाकला. माणूस निलंबित. पण गावातल्या कागदपत्रांत एक नोंद होती: बाटलीचं बूच काढायचा चिमटा तिथल्या मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला. शिवाय बूच काढताना बाटलीला कसला वास नव्हता. परळहूनच धनुर्वाताचा जंतू आत गेला असता तर प्रवासाच्या दिवसांत तो वाढून बाटलीला घाण सुटली असती. म्हणजे जंतू आत गेला तो बाटली उघडताना, गावात. रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र छापलं, तेव्हा कुठं त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षं गेली.

दुसरी घटना मला जास्त अस्वस्थ करते, कारण ती तुमच्या टेबलावरच्या बाटलीच्या जवळ जाते. ऑस्ट्रेलियातलं बंडाबर्ग, जानेवारी 1928, तिकडचा ऐन उन्हाळा. घटसर्पाच्या लशीची अनेक डोसांची बाटली, त्यात जंतुरोधक नाही. तीच बाटली आधीच्या दिवसांत वापरून झाली होती, कुणाला काही झालं नव्हतं. मधल्या काळात ती कपाटात, बर्फाविना. 27 तारखेला 21 मुलांना टोचली आणि त्यातली 12 गेली. शाही आयोगानं बाटलीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस शोधून काढला. हा जंतू कुठून येतो? आपल्या नाकातून, कातडीवरून. तुमच्या-माझ्याकडं आत्ता असू शकतो, काही करत नाही. बंद बाटलीत, उबेत, तो विष तयार करतो. आयोगानं सांगितलं की अनेक डोसांच्या बाटलीत जंतुरोधक हवंच. जिथं घालता येत नाही तिथं उरतं फक्त घड्याळ आणि बर्फ.

आणि हे जुन्या काळातलं म्हणून सोडून देऊ नका. मे 2017 मध्ये दक्षिण सुदानात कापोएटा भागात गोवरच्याच मोहिमेत पाच वर्षांखालची 15 मुलं गेली. लस मिसळायला चारही दिवस तीच सिरिंज, आणि बाटल्या चारही दिवस बर्फाबाहेर. लशीत दोष नव्हता.

एकेका डोसाची बाटली खाजगी डॉक्टरकडं मिळते, तो मुख्यतः पैशाचा आणि जागेचा प्रश्न आहे. तेवढ्याच डोसांना फ्रिजमध्ये कितीतरी जास्त जागा लागते आणि सिस्टरच्या पेटीत ती मावणार कशी. खरं काम चाललंय ते वेगळ्याच दिशेनं. गँबियात एमआरची लस बारीक सुयांच्या चिकटपट्टीतून देऊन पाहिली, निकाल 2024 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. मनगटावर पट्टी दाबायची, काही मिनिटांत काढायची. 9-10 महिन्यांच्या बाळांत एका पट्टीनं गोवरविरुद्ध 93 टक्क्यांत प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) दिसली, सुईच्या तोडीस तोड. लस पट्टीवर सुकलेलीच असते, म्हणजे डायल्युएंट नाही, मिसळणं नाही, घड्याळ नाही. चाचणी लहान होती, मोठ्या अजून व्हायच्या आहेत. पण ह्या धाग्यातला अर्धा वाद तिथं संपतो.

रोखठोक

ठीक आहे, विक्रीचं मागं घेत नाही पण थोडं गिळतो. मग हे सांगा, जागतिक आरोग्य संघटना सहा तास म्हणते असं मी वाचलं. आपल्याकडं चार. म्हणजे दोन तास आपल्याच मनाचे?

निवृत्त_सिस्टर

वाचलंत ते खरं आहे. सहा तास, किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते. आणि ते 2 ते 8 अंशांत ठेवली तर. आता मे महिन्यात झेडपीच्या शाळेच्या पत्र्याखाली, लाइट नाही, पेटी दर पाच मिनिटांनी उघडतेय, तिथं 2 ते 8 राहतं का ते मला सांगायला या. चार तास कोणी ठरवले माहीत नाही, पण ज्यानं ठरवले तो पत्र्याखाली बसलेला असणार.

दादांच्या पोरीला दोन वाजून गेल्यावर 9.50 ची बाटली सहा तासांच्या हिशोबानं चालली असती हे मला दिसतंय. तरी मी दिली नसती. दुसरी फोडली असती.

दक्षिण_गोलार्ध

मी मूळची कोल्हापूरची, न्यूझीलंडात ऑकलंडमध्ये नर्स आहे. इथं सामोअन लोक (सामोआ हा पॅसिफिकमधला बेटांचा देश) पुष्कळ, माझ्याबरोबर काम करणाऱ्यांतही आहेत, म्हणून पुढचं मला नुसत्या बातमीतून कळलेलं नाही.

सिस्टरनी डायल्युएंटबद्दल एक वाक्य लिहिलं: त्याच कंपनीचं, त्याच लशीचं. ते वाक्य दोनदा वाचा. जुलै 2018 मध्ये सामोआच्या सवाई बेटावर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस दिलेली दोन बाळं काही मिनिटांत गेली. लस ठीक होती. नर्सनी चकतीत पाण्याऐवजी भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते औषध घातलं होतं, तेही मुदत संपलेलं. दोघींना पुढं तुरुंगवास झाला. पण कारण बाहेर यायला वेळ लागला आणि तोवर लसीकरणच बंद ठेवलं. लोकांनी स्वतःपुरता निष्कर्ष काढून टाकला होता: लस मारते. लसीकरण 31 टक्क्यांवर आलं.

पुढच्या वर्षी इथं ऑकलंडमध्ये गोवर पसरला. दोन्हीकडं रोज विमानं जातात-येतात. तो तिकडं पोचला आणि त्याला मोकळं रान मिळालं. दोन लाखांचा देश. 5,700 च्या वर रुग्ण, 83 मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालचे. डिसेंबर 2019 मध्ये सरकारनं दोन दिवस देश बंद केला, ज्यांच्या घरात कोणी लस घ्यायचं राहिलंय त्यांनी दाराबाहेर लाल कापड लावायचं, पथकं घरोघर जाऊन टोचत होती. माझ्या सहकारिणीच्या मामीनं टॉवेल लावला होता, लाल कापड घरात नव्हतं म्हणून. ती फोन करून विचारत होती, टॉवेल चालेल का.

मला ह्यातून काय म्हणायचंय, तर सिस्टर किचकट वागते म्हणून तिच्यावर वैतागू नये. तिनं एकदा ढिलाई केली की दोन बाळांवर थांबत नाही.

कांदेवाला_नाशिक

वाचून अंगावर काटा आला. आता एकच उरलं, आई. ती म्हणते, तुम्ही तिघं जगलात ना? ह्याला काय उत्तर देऊ? तिच्याशी वाद घालायचा नाहीये, तिनंच आम्हाला वाढवलं.

पेट्रीडिश_पुणे

आईंना हे सांगून पाहा. गोवर उतरला तरी तो जाताना शरीराची आठवण पुसून जातो. आधीच्या आजारांशी लढून शरीरानं जी प्रतिपिंडं साठवलेली असतात त्यांचा मोठा भाग नाहीसा होतो. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवरच्या आधी आणि नंतर तपासलं, तर 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं गेलेली होती. म्हणून पोर गोवरातून उठतं आणि पुढं न्यूमोनिया, जुलाब ह्यांनी पुन्हा पुन्हा पडतं. घरच्यांना वाटतं, नजर लागली.

निवृत्त_सिस्टर

77 आणि 73 आईंना सांगू नका, त्यांना काही वाटणार नाही. त्यांना विचारा, तुमच्या लहानपणी वाडीत गोवर निघालेली सगळी पोरं उठली का? नीट विचारा आणि गप्प बसा. त्यांच्या पिढीतल्या बाईला एखादं तरी नाव आठवतंच. माझ्या पाड्यांवर तर आठवायला लागत नव्हतं. गोवर उतरलेलं पोर पंधरा दिवसांनी खोकत आलं की आई म्हणायची, गोवर कधीच गेला बाई, हे वेगळंच आहे. वेगळं नव्हतं. आणि डोळे. कुपोषित पोराला गोवर निघाला की बुबुळावर फूल पडायचं. म्हणून एमआरच्या सुईबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस तोंडात देतात, तो चुकवू नका.

2022 ला गोवंडीत पोरं गेली ती काही जंगलातली नव्हती, मुंबईतली होती. तेव्हा तिथं सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जास्तीचा डोस द्यावा लागला होता.

आईंना सोबत घेऊन जा, मागं ठेवून नाही. बाळ त्यांच्याच मांडीवर द्या. सिस्टरला सांगा, "आमच्या आईला जरा बाटली दाखवा." चांगली सिस्टर दाखवते.

रोखठोक

सिस्टर, माझ्या भावाच्या मुलाला लस दिल्यावर आठवड्यानं ताप आला आणि अंगावर पुरळ. ह्याचं काय?

निवृत्त_सिस्टर

येतो. जिवंत लस आहे, विषाणू थोडा वाढतो तेव्हाच शरीर शिकतं. साधारण 7 ते 12 दिवसांनी एखाद्या बाळाला ताप, बारीक पुरळ, एक-दोन दिवस. पॅरासिटामोल वजनावर, डॉक्टरला विचारून. लस दिल्या दिवशीच संध्याकाळी कडक ताप, उलट्या, जुलाब, बाळ मलूल, तर मात्र घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना आणि सिस्टरला फोन. म्हणूनच ती बाटली 48 तास ठेवलेली असते. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं, सिस्टर घाईत असली तरी तुम्ही उठायचं नाही.

आणि एका डोसावर सुटलो असं समजू नका. आईकडून आलेली प्रतिपिंडं नवव्या महिन्यातही थोडी उरलेली असतात, ती लशीच्या विषाणूलाच मारतात. त्यामुळं पहिल्या डोसाला साधारण 85 टक्के बाळांत लस लागते. बाकीच्यांसाठी दुसरा डोस, 16 ते 24 महिन्यांत. त्याच वेळी डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि पोलिओही असतो. कार्डावर पुढची तारीख सिस्टरकडून तिथल्या तिथं लिहून घ्या, पेनानं, पेन्सिलनं नाही.